मुळशीची खाचरे आणि कृषी विद्यापीठ

मुळशी तालुक्यात शेती म्हणजे मुख्यतः भात. पुण्याच्या पश्चिमेला भूगाव, पिरंगुट, पौड ओलांडून ताम्हिणी घाटाकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो. पुणे शहरात वर्षाला ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो. तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावर, तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. एवढ्या पाण्यात उभे राहून वाढणारे धान्य भाताखेरीज दुसरे नाही. म्हणून डोंगरउतारावर बांध घालून खाचरे काढली गेली, खाचरांच्या वरच्या अंगाच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरई आली आणि भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल घेण्याची रीत पडली. खोऱ्यातली सर्वांत सखल आणि सकस भातजमीन मात्र शेतकऱ्यांच्या हाती राहिली नाही. टाटा कंपनीने विजेसाठी मुळशीचे धरण बांधायला घेतले. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी पन्नासच्या आसपास गावे त्या धरणापायी बाधित झाली. उरली ती बहुतांशी उताराची, तुकड्यातुकड्यांची शेती.

अशा शेतीचे प्रश्न पुस्तकी नाहीत. खाचरात फेकलेला युरिया पहिल्याच मुसळधार सरीत खालच्या ओढ्याला जातो. रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून दरवर्षी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. घरचे बियाणे वर्षानुवर्षे तेच वापरून मिसळत आणि खालावत जाते. जास्त उत्पन्न देणारे बियाणे आणावे तर वास आणि चव हरवते. जमीन, पाणी, रान आणि बियाणे यांची झीज न होता घरचे वर्षाचे धान्य कसे निघेल, हा मुळशीतल्या शाश्वत शेतीचा खरा प्रश्न. त्यावर कृषी विद्यापीठाने आणि त्याच्या जोडीने इतरांनी काय दिले, त्यातले शेतात काय टिकले आणि काय टिकले नाही, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

शेती शिकवणाऱ्या संस्थेने आधी खेड्यात जाऊन शिकावे, ही कल्पना पुण्याला नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मुळशीच्या हद्दीपासून हे गाव काही किलोमीटरवरच आहे. जमिनीचे किती तुकडे पडले, बैल किती, कर्ज किती, घरखर्च किती, हे सगळे त्यांनी मोजले. बहुतेक कुटुंबांचा खर्च नुसत्या शेतीवर भागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. शेतकरी आडमुठा म्हणून सुधारणा स्वीकारत नाही, हा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा लाडका समज होता. या आकड्यांपुढे तो टिकणारा नव्हता. ज्याच्या हाती शिल्लकच नाही, तो नव्या प्रयोगाचा धोका कशाच्या बळावर पत्करणार? शंभर वर्षांनंतरही विस्तारकार्याची सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते.

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ मध्ये झाली. पुढे चार विद्यापीठे झाली आणि पुण्यासह पश्चिम महाराष्ट्रातले दहा जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एकाच संस्थेने करायची, हा या विद्यापीठांचा पाया. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने जमिनी देऊन अशी महाविद्यालये उभी राहिली आणि १९१४ च्या कायद्याने त्यांना विस्तारसेवेची जोड मिळाली; तोच साचा स्वातंत्र्यानंतर भारताने घेतला. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या शिफारशी चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत मान्य होतात, ‘कृषिदर्शनी’सारख्या प्रकाशनांतून छापल्या जातात आणि राज्याच्या कृषी विभागामार्फत, तालुका कृषी अधिकाऱ्यापासून गावच्या कृषी सहायकापर्यंत उतरतात. साखळी लांब आहे. एका कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात, त्यात अनुदानाची कागदपत्रे आणि नुकसानीचे पंचनामेही त्याच्याच माथी. शेतात बसून बोलायला त्याला वेळ कमी पडतो, हे कोणत्याही गावात ऐकायला मिळते.

मुळशीसाठी विद्यापीठाचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत फळलेले ठिकाण म्हणजे शेजारच्या तालुक्यातले वडगाव मावळचे कृषी संशोधन केंद्र. या पट्ट्याचे मूळ धान्य आंबेमोहर. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास येणारा, आखूड दाण्याचा, मऊ भात. पण त्याचे उत्पन्न हेक्टरी २० क्विंटलांच्या आसपास, रोप उंच आणि नाजूक, वाऱ्यापावसात लोळणारे, करपा आणि खोडकिड्याला लवकर बळी पडणारे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आणलेले आयआर-८ हे बुटके वाण भरघोस पिके, पण त्याचा भात मावळच्या जिभेला रुचणारा नव्हता. वडगावच्या केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर केला आणि १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ प्रसारित झाला. वास आंबेमोहराइतका नाही, पण आहे. भात मऊ होतो. उत्पन्न मात्र दुपटीच्या पुढे. इंद्रायणी पसरवायला फारशी मोहीम काढावी लागली नाही. एका शेतकऱ्याच्या खाचरात दिसला की शेजारी पुढच्या वर्षीसाठी बियाणे मागून नेई. २००७ मध्ये इंद्रायणीच्याच वंशातला ‘फुले समृद्धी’ आला. पुण्याच्या घरांतून आज ‘इंद्रायणी’ हे नदीइतकेच तांदळाचे नाव झाले आहे. विद्यापीठाने शेतकऱ्याचे ताट आणि त्याचे पोते या दोहोंचा विचार एकाच वेळी केला, म्हणून हे घडले.

बियाण्याचा प्रसार सोपा असतो, कारण ते मुठीत मावते. लागवडीची पद्धत बदलणे त्याहून फार कठीण. चारसूत्री भात लागवडीच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात भाताच्या खतांवर काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. ना. का. सावंत यांनी ती विकसित केली. कोकण आणि मावळपट्टीत कृषी विभाग आणि विद्यापीठे तिचा प्रसार करत आली आहेत.

पहिले सूत्र भाताचेच अवशेष भाताला परत देण्याचे. रोपवाटिकेच्या वाफ्यात भाताच्या तुसाची राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची आणि पहिल्या नांगरणीला हेक्टरी दोन टन पेंढा गाडायचा. तुसात आणि पेंढ्यात सिलिका भरपूर असते. अतिपावसाच्या जमिनीतून सिलिका वाहून जाते. ती मिळाली की खोड आणि पान ताठ होते, रोप लोळत नाही, करपा आणि खोडकिडा यांना दाद देत नाही. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. बांधावर लावलेल्या या झाडाची कोवळी हिरवी पाने गुंठ्याला ३० किलो, म्हणजे हेक्टरी तीन टन, चिखलणीच्या आठवडाभर आधी फांद्यांसकट खाचरात पसरतात. पाने गळून पडली की काटक्या उचलून चुलीला नेतात आणि चिखलणीत पाने गाडली जातात. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे. एका चुडात दोन-तीनच रोपे आणि चुडांमध्ये १५ व २५ सेंटिमीटरचे आलटून पालटून अंतर, त्यासाठी खुणा केलेली दोरी. अशाने चार चुडांचा पंधरा-पंधरा सेंटिमीटरचा एक चौकोन तयार होतो आणि चौकोनांच्या मधून चालायला वाट मिळते.

चौथे सूत्र सगळ्यांत नावीन्याचे. युरिया आणि डीएपी ६० : ४० या प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची एक गोळी, म्हणजे ब्रिकेट, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल हाताने खोचायची, लावणी झाल्याच्याच दिवशी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या लागतात, वजनाने सुमारे १७० किलो. या खोलीमागे मातीचे रसायन आहे. पाणी साचलेल्या खाचरात मातीचा अगदी वरचा पातळ थर प्राणवायू असलेला असतो आणि त्याखालचा चिखल प्राणवायूविना. वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन काही भाग हवेत उडतो. काही भागाचे वरच्या थरात नायट्रेट बनते, ते खाली झिरपते आणि तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. उरलेले पावसाच्या पाण्याबरोबर बांधावरून वाहून जाते. गोळी थेट प्राणवायूविना असलेल्या थरात गेली की तिच्यातला नत्र अमोनियमच्या रूपात चिकणमातीच्या कणांना धरून राहतो आणि मुळे तिथवर पोचतील तसतसा मिळत जातो. खत निम्म्याच्या आसपास वाचते, ओढ्याला जाणारे प्रदूषण घटते आणि नंतर पुन्हा खत टाकण्यासाठी खाचरात उतरावे लागत नाही. धो धो पावसाच्या मुळशीला याहून चपखल तंत्र सापडणे अवघड आहे.

तरीही चारही सूत्रे एकत्र पाळणारी खाचरे शोधावी लागतात. कारणे सरळ आहेत. पेंढा हा गाई-बैलांचा वर्षाचा चारा. तो जमिनीत गाडा असे सांगणे म्हणजे गोठा रिकामा ठेवा असे सांगणे. तुसाची राख मिळते, पण गिरणीतून आणावी लागते. दोरी धरून लावणी करायला सवय नसलेल्या मजुरांना वेळ जास्त लागतो, आणि लावणीच्या दिवसांत मुळशीत माणूस मिळत नाही. तरुण पोरे हिंजवडीच्या कंपन्यांत आणि पिरंगुटच्या कारखान्यांत. ओल्या चिखलात वाकून हजारो गोळ्या खोचणे हे पाठ मोडणारे काम आहे आणि ते बहुतेक बायांच्याच वाट्याला येते. त्यात मिरगाच्या आधी ब्रिकेट वेळेवर मिळाल्या नाहीत, तर त्या वर्षी पुन्हा युरियाचेच पोते उघडले जाते. काही भागांत बचत गटांनी ब्रिकेट बनवण्याची यंत्रे घेऊन ही अडचण सोडवली. गिरिपुष्प मात्र सर्वत्र रुजले. फांदी खोचली की वाढते, जनावर सहसा तोंड लावत नाही, बांध धरून ठेवते आणि खर्च शून्य. चारांपैकी कोणते सूत्र आपल्या घराला झेपते, ते शेतकऱ्याने स्वतःच निवडले, आणि ती निवड शहाणपणाची होती.

राबाची गोष्ट याहून नाजूक. ऐन आणि इतर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रोपाच्या जागेवर रचायचे, वरून माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीला पेटवायचे. या भाजणीने तणाचे बी जळते, राख मिळते आणि त्या जागेवरची रोपे खरोखरच तजेलदार उगवतात. बाहेरच्या माणसाला अडाणीपणा वाटणाऱ्या या रिवाजामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण त्यापायी दरवर्षी झाडे छाटली जातात आणि जे शेण खाचरात जायला हवे ते धुरात जाते. विद्यापीठाची शिफारस गादीवाफ्याची: मीटर-सव्वा मीटर रुंद, आठ-दहा सेंटिमीटर उंच वाफे, त्यात शेणखत आणि तुसाची राख, आणि ओळीत पातळ पेरणी. एक हेक्टर लावणीसाठी दहा गुंठे रोपवाटिका पुरते. वाफ्यावर पाणी साचत नाही, रोपे सहज उपटतात. तण मात्र हाताने काढावे लागते. जिथे जवळपास रानच उरले नाही किंवा फांद्या तोडायला माणूस नाही, तिथे राब आपोआप मागे पडत आहे.

विद्यापीठ गावात सर्वांत जवळून दिसते ते कृषिदूत आणि कृषिकन्यांच्या रूपाने. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षात विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभव घ्यावा लागतो. पाच-सहा जणांचा गट गावात राहतो, शाळेच्या किंवा देवळाच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतो आणि एकेका शेतकऱ्याच्या दारात प्रात्यक्षिक करून दाखवतो. मिठाच्या पाण्याचे प्रात्यक्षिक त्यांच्या खास आवडीचे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात भाताचे बियाणे ओतायचे. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. तरंगलेले काढून टाकायचे, खालचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत चोवीस तास वाळवायचे, मग जिवाणू खते चोळायची. घरातल्या बादलीत, घरच्याच मिठाने, दहा मिनिटांत होणारा हा प्रकार पाहून बियाण्यात किती पोचट आहे हे घरच्या बाईला डोळ्यांनी दिसते. त्यापुढे तिला कुणी समजवावे लागत नाही. खर्च नसलेल्या आणि परिणाम लगेच दिसणाऱ्या गोष्टीच आधी रुजतात. या कार्यक्रमाचा दुसरा लाभ विद्यार्थ्यांना होतो: खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहिल्याशिवाय ब्रिकेट खोचणे किती कष्टाचे, हे कोणत्याही वर्गात कळत नाही.

किडींच्या बाबतीत शेतीशाळेचा उपयोग होतो. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांनी आणि औषधांच्या बेसुमार फवारणीने थैमान घातल्यावर ही पद्धत सुरू झाली. शेतकऱ्यांनी आठवड्यातून एकदा एका शेतात जमायचे, रोपे उघडून किडी मोजायच्या, मित्रकीटक ओळखायचे आणि फवारणी करायची की नाही हे आपसांत ठरवायचे. मुळशीत मुख्य शत्रू खोडकिडा. त्याचा पतंग रोपाच्या पानांच्या शेंड्यांवर अंडी घालतो, म्हणून लावणीपूर्वी शेंडे खुडून टाकायचे. कापणीनंतर धसकटे नांगरून काढायची, कारण अळी त्यांत दडून उन्हाळा काढते. मध्ये हेक्टरी वीसेक कामगंध सापळे लावायचे. शेतातले चतुर, कोळी, ढालकिडे हे आपलेच राखणदार आहेत हे एकदा पटले की दुकानदाराच्या सांगण्यावरून मारलेली पहिली फवारणी टळते.

ज्ञान नेहमी विद्यापीठातूनच गावाकडे येते असेही नाही. घाटाखाली, रायगड जिल्ह्यात नेरळजवळ, चंद्रशेखर भडसावळे यांनी शेतकरी म्हणून स्वतःच्या शेतावर सगुणा भात तंत्र घडवले. यात चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळे वाढतात, माती धुपत नाही, नांगरणीचा आणि लावणीचा मजूर वाचतो. सुरुवातीला तणनाशकावर भर द्यावा लागतो, ही या तंत्राची उणी बाजू. तरीही मजुरांच्या टंचाईवर नेमके बोट ठेवणारे तंत्र शेतकऱ्याकडून आले, ही विद्यापीठांनी शिकण्यासारखी गोष्ट आहे.

मुळशीत आता कृषीखेरीज इतर विद्यापीठेही आहेत. लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांची संकुले उभी राहिली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षण संस्थांनी किमान पाच गावे दत्तक घ्यावीत, अशी अपेक्षा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे तर त्याहून कितीतरी जुनी. अशा शिबिरांत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालता येतो आणि त्या पाण्यावर खालच्या शेतातला हरभरा निघतो. पण सात दिवसांचे शिबिर आणि पाच वर्षांची साथ यांत मोठे अंतर आहे. या संस्थांकडे शेतीशास्त्र नसले, तरी हिशेब, वेष्टन, विक्री, संगणक यांचे ज्ञान आहे, आणि पुण्याच्या बाजाराला चिकटलेल्या मुळशीला त्याची गरज खताइतकीच आहे.

आंबेमोहराचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. इंद्रायणीने त्याला खाचरांतून मागे सारले. २०१६ मध्ये आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले. पण परराज्यांतला दिसायला सारखा तांदूळ बाजारात आंबेमोहर म्हणून सर्रास विकला जातो, आणि निम्म्या उत्पन्नाचे अस्सल वाण पिकवणाऱ्याला दुप्पट भाव मिळाला नाही तर तो ते पिकवणार नाही. शुद्ध बियाणे राखणे, गटाने साठवण आणि गिरणी उभारणे, आणि ग्राहकापर्यंत थेट पोचणे, ही कामे एकट्या शेतकऱ्याची नाहीत आणि एकट्या कृषी विभागाचीही नाहीत. त्यातच जमीनही हातची जात आहे. शेतघरांच्या आणि गृहप्रकल्पांच्या भावापुढे भाताचे खाचर टिकत नाही, आणि विकलेले खाचर पुन्हा खाचर होत नाही. विस्तारकार्य कितीही चांगले झाले तरी यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

ज्या शेतकऱ्याला यातले काही करून पाहायचे असेल, त्याने पूर्ण शेतावर न करता एका खाचरावर करावे आणि शेजारचे खाचर जुन्याच पद्धतीने ठेवावे. बियाणे आणि सल्ल्यासाठी वडगाव मावळचे संशोधन केंद्र, पौडचे तालुका कृषी कार्यालय आणि शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. जायचे ते मे महिन्यात. मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर ना शेतकऱ्याला सवड असते, ना रोप थांबते.